सहीचा अधिकार

बोरी अरबसारख्या गावात 'अनुदान' हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. ठिबकचे अनुदान, विहिरीचे अनुदान, घरकुलाचा हप्ता, शाळेच्या तुकडीला मिळालेले टप्पा अनुदान, बचतगटाचा फिरता निधी, हे सगळे दारव्हा तालुक्याच्या रोजच्या बोलण्यातले. फाईल कोणत्या टेबलावर अडते, मार्चअखेरीला काय धावपळ होते आणि मंजूर झालेली रक्कम नि हातात पडलेली रक्कम यांत किती अंतर असते, हेही इथल्या माणसाला चांगले ठाऊक असते. समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्सजेंडर आणि इंटरसेक्स माणसे स्वतः चालवतात त्या हक्कांच्या संस्थांना अनुदान द्यावे का, आणि द्यायचे तर कसे, हा प्रश्न म्हणूनच मुंबईच्या सभागृहापेक्षा बोरी अरबच्या ओट्यावर मांडावासा वाटतो. जोतीराव फुल्यांनी 1873 साली 'गुलामगिरी' लिहिली ती धोंडीबाच्या प्रश्नांवर उभी केली. समोर विचारणारा असला की उत्तराला पळवाट राहत नाही. या लेखातले भाऊ हेही असेच कल्पिलेले गृहस्थ आहेत. गावच्या सोसायटीच्या कारभारात वर्षे घालवलेले, हिशेबाला चोख, मनाने सरळ. त्यांचे आक्षेप मी कुठे मऊ केलेले नाहीत.

त्यांचा पहिला आक्षेप साधा आणि जड आहे. "ताई, या जिल्ह्याचं नाव देशाच्या तोंडी आलं ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळं. कापूस घरात आला की भाव पडतो, सोयाबीन काढायच्या वेळी पाऊस येतो, लेकरांची शिक्षणं कर्जावर चालतात. अशात तुम्ही म्हणता, या लोकांच्या संस्थांना पैसे द्या. आधी गाव तर जगू द्या. आणि खरं सांगू का, आमच्या गावात असं कोणी नाहीच. बाजाराच्या दिवशी दुकानापुढं टाळी वाजवत उभे राहतात ते बाहेरून येतात बाप्पा."

भाऊ, तुमच्या बोलण्यातला शेवटचा भाग आधी घेते. 2011 च्या जनगणनेत स्त्री आणि पुरुष यांच्या जोडीला पहिल्यांदाच 'इतर' हा पर्याय आला, आणि त्यात देशभरात 4,87,803 माणसांची नोंद झाली, महाराष्ट्रात 40,891. दारात आलेल्या प्रगणकाला घरच्यांच्या देखत असे सांगण्याचे धाडस ज्यांना झाले, किंवा ज्यांच्याबद्दल घरच्यांनी ते सांगितले, तेवढ्यांचा हा आकडा. पुरुषावर प्रेम करणाऱ्या पुरुषाला आणि स्त्रीवर प्रेम करणाऱ्या स्त्रीला तर त्या कागदावर रकानाच नव्हता. 2017 च्या अखेरीस आपल्या यवतमाळ शहरात दोन पुरुषांचा लग्नसोहळा झाला आणि त्याची बातमी देशभर गेली. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम 377 तेव्हा कायद्याच्या पुस्तकात होते. म्हणजे माणसे आहेत. ज्याच्या हातात शिक्षण आणि पैसा आहे तो जगासमोर उभा राहू शकतो. ज्याच्याकडे यातले काहीच नाही तो नागपूरची किंवा पुण्याची गाडी धरतो, नाहीतर घरच्यांनी ठरवलेल्या लग्नात मुकाट्याने बसतो आणि स्वतःबरोबर आणखी एका जिवाचे आयुष्य जाळतो. गावात असे कोणी दिसत नसेल तर त्याचा अर्थ एवढाच, की गावाने दिसण्याची सोय ठेवलेली नाही. कोंडून ठेवलेल्या मुलीने कुणाला फोन करायचा, ठाण्यात कुणाला सोबत न्यायचे, जिल्हाधिकाऱ्यांकडे ओळख प्रमाणपत्राचा अर्ज कसा भरायचा, यासाठी ओळखीचा आणि विश्वासाचा एक माणूस लागतो. अशी माणसे टिकवून धरण्याचे काम या संस्था करतात, आणि त्यालाच पैसा लागतो.

आता शेतकऱ्याचा मुद्दा. जुलै 2006 मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले. यवतमाळ त्या सहांपैकी एक. त्या पॅकेजमध्ये संकरित गाईही होत्या, आणि चारा-पाण्याची सोय नसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या दावणीला त्या बांधल्या गेल्या. गाईचा खर्च दुधाच्या पैशात भागेना, तेव्हा अनेकांनी त्या विकल्या. शेतकऱ्याची तक्रार तेव्हा काय होती? रक्कम कमी पडली ही होतीच, पण त्याहून मोठी तक्रार ही की आम्हाला काय हवे ते कुणी विचारलेच नाही. भाऊ, ज्या संस्थांबद्दल मी बोलते आहे त्यांची तक्रार अगदी हीच आहे. आणि तुमच्या ताटातला घास काढून त्यांना द्यायचा, असा हा हिशेब मुळीच नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी 2022 मध्ये 'स्माईल' योजना सुरू केली. पाच वर्षांसाठी, सगळ्या देशासाठी, 365 कोटी रुपये. त्यातही ट्रान्सजेंडर व्यक्तींचे कल्याण आणि भिक्षेकऱ्यांचे पुनर्वसन असे दोन वाटे. त्याच्या सोळा वर्षे आधी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांना जे जाहीर झाले त्याचा हा जेमतेम दहावा हिस्सा. समलिंगी स्त्री-पुरुषांना तर या योजनेत जागाच नाही.

भाऊ इथे अडवतात. "म्हणजे सरकार देतंच आहे ना? एड्सच्या कामात या लोकांच्या नावानं किती वर्षं पैसा आला. मग संस्था वेगळी कशाला? दवाखान्यानं औषध द्यावं, समाजकल्याण खात्यानं योजना द्यावी, झालं."

या प्रश्नाशी थोडे थांबायला हवे, कारण महाराष्ट्रातल्या या संस्थांची बरीचशी घडण एड्सच्या पैशातून झाली आहे आणि त्या पैशाने जे दिले तेही खरे, जे हिरावले तेही खरे. मुंबईत 1994 मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. महापालिकेच्या वाकोल्यातल्या इमारतीत त्याला जागा मिळाली. पुण्यात 2002 मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला आणि आरोग्याच्या कामाबरोबर मराठीतून या विषयावर पुस्तके लिहिली. नागपुरात सारथी ट्रस्ट आहे, आपल्याला जवळचा तोच. या सगळ्या कामाला पैसा मिळत गेला तो प्रामुख्याने एचआयव्ही रोखण्यासाठी. गेट्स फाउंडेशनचा 'आवाहन' कार्यक्रम 2003 मध्ये सहा राज्यांत सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. त्याचा परिणाम मोजण्यासाठी सेक्स वर्कर स्त्रियांची जी पाहणी झाली, तीत राज्यातल्या मोजक्या जिल्ह्यांबरोबर यवतमाळही होता. पुढे ग्लोबल फंडाच्या पैशातून 2010 ते 2015 या काळात 'पहचान' कार्यक्रम चालला. त्याने 17 राज्यांत समुदायाच्या 200 छोट्या संस्था उभ्या करायचे ठरवले, नोंदणीपासून हिशेब लिहिण्यापर्यंत. आधी उद्यानात नाहीतर रेल्वे स्टेशनवर चोरून भेटणाऱ्या माणसांना पहिल्यांदा भिंती, छप्पर, खुर्ची आणि सही करायला एक मस्टर मिळाले. ही लहान गोष्ट नव्हे.

पण त्या पैशाची अट काय होती ते पाहा. या क्षेत्रात ज्याला 'टीआय' (टार्गेटेड इंटरव्हेन्शन) म्हणतात, त्या प्रकल्पात माणूस 'लाईन लिस्ट'वर, म्हणजे नावांच्या यादीवर, चढतो. समुदायातल्या इतक्या पीअर कार्यकर्त्यांमागे एक क्षेत्र कार्यकर्ता, इतके निरोध वाटले, इतक्यांची तपासणी झाली, इतक्यांना वर्षातून दोनदा एचआयव्ही तपासणी केंद्रात नेले, एवढे मोजले जाते. यातले प्रत्येक काम गरजेचे आहे. पण पोलिसाने मारले, घरातून काढले, लग्न लावून दिले, कामावरून हाकलले, यासाठी त्या तक्त्यात रकाना नाही. आणि ज्याला रकाना नाही त्याला पैसाही नाही. ज्या स्त्रिया स्त्रियांवर प्रेम करतात त्या या आजाराच्या दृष्टीने जोखमीच्या गटात बसत नाहीत, म्हणून पंचवीस-तीस वर्षांच्या या सगळ्या खर्चात त्या कुठेच नाहीत. मुलगी म्हणून वाढवलेल्या ट्रान्स पुरुषांचेही तेच. एखाद्या शाळेला फक्त खिचडीचे अनुदान द्यावे, आणि मास्तरचा पगार, खोली, फळा यांचे नाव काढू नये, तसे हे झाले. पोर जेवेल, पण शिकणार कसे?

बरे, आरोग्य आणि हक्क वेगळे काढता येत नाहीत हे सरकारला फार आधी कळले होते. जुलै 2001 मध्ये लखनौत एचआयव्ही रोखण्याचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनाच पोलिसांनी पकडले. निरोध आणि माहितीपत्रके हा त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरला आणि ते महिन्याहून अधिक काळ तुरुंगात राहिले. त्याच वर्षी नाझ फाउंडेशन कलम 377 विरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेले. 2006 मध्ये खुद्द राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्थेने त्या न्यायालयात सांगितले की कलम 377 मुळे ही माणसे लपून राहतात आणि आमचे काम अडते; गृह खाते मात्र कलम टिकवण्याच्या बाजूने उभे होते. एकाच सरकारचे दोन हात दोन दिशांना ओढत होते. आणि हा पैसाही बेभरवशाचा. 2014-15 पासून एड्स कार्यक्रमाचा निधी राज्यांच्या तिजोरीतून फिरून जाऊ लागला आणि ठिकठिकाणी कार्यकर्त्यांचे मानधन महिनोन्महिने रखडले. बेघर ट्रान्स व्यक्तींसाठी केंद्राने 'गरिमा गृह' काढली. मुंबईतले गृह ट्वीट फाउंडेशन ही ट्रान्स माणसांनीच उभारलेली संस्था चालवते. या गृहांचाही निधी वेळेवर येत नाही आणि चालवणाऱ्यांना वर्गणी मागून किराणा भरावा लागतो, हे वर्तमानपत्रांत वारंवार आले आहे. शाळेच्या टप्पा अनुदानासाठी मास्तरांनी किती वर्षे मोर्चे काढले ते पाहिलेल्या गावाला या दुखण्याची ओळख वेगळी करून द्यायला नको.

"पण कायदा तर झाला," भाऊ म्हणतात. "कोर्टानं 2018 ला गुन्हा काढून टाकला. तृतीयपंथीयांचा कायदाही आला. आता भांडायचं काय उरलं? केस जिंकल्यावर वकिलाची फी चालू ठेवतं का कोणी?"

भाऊ, शेताची केस जिंकलेल्याला विचारा. निकाल लागतो एका दिवसात, ताबा मिळायला पिढी जाते. सर्वोच्च न्यायालयाने 15 एप्रिल 2014 रोजी 'नालसा' निकालात ट्रान्सजेंडर व्यक्तींचा स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार मान्य केला, आणि 6 सप्टेंबर 2018 रोजी नवतेज जोहर निकालात प्रौढांच्या संमतीच्या संबंधांवरचा गुन्हेगारीचा शिक्का पुसला. या दुसऱ्या निकालात न्यायमूर्ती नरिमन यांनी केंद्र सरकारला स्पष्ट सांगितले की निकालाला माध्यमांतून वेळोवेळी व्यापक प्रसिद्धी द्या, कलंक कमी करण्याचे कार्यक्रम घ्या, पोलिसांना प्रशिक्षण द्या. कुटुंब नियोजनाची, पोलिओची पाटी जशी एसटी स्टँडवर दिसायची, तशी या निकालाची पाटी तालुक्याच्या गावात लागलेली नाही. मद्रास उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांनी 7 जून 2021 च्या आदेशात केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाला सांगितले की या लोकांना मदत करू शकतील अशा संस्थांची यादी करा आणि ती लोकांसमोर ठेवा. न्यायालयाने अडचणीतला माणूस ज्या संस्थेच्या दारात पाठवला, त्या संस्थेचे भाडे कुणी भरायचे हे मात्र कुठेच लिहिलेले नाही. कायदा आला म्हणून संस्थांचे काम संपत नाही. उलट प्रत्येक नव्या कायद्याने फॉर्म, पोर्टल, सुनावणी आणि अपील यांचे ओझे वाढते, आणि गावातल्या माणसाबरोबर ते उचलायला दुसरे कोणी नसते.

यानंतर भाऊ आवाज थोडा खाली घेतात. "हा सगळा पैसा बाहेरून येतो, हे मात्र नाकारू नका. ज्याचा पैसा त्याचा विचार. परदेशातले लोक सांगतील ते इथं चालवायचं, असं होतं."

या शंकेत तथ्य आहे आणि मी ती झटकून टाकणार नाही. पण तिचे उत्तर महाराष्ट्रातल्याच एका संस्थेने कधीच दिले आहे. सांगलीची संग्राम संस्था, तिच्याबरोबर वाढलेली सेक्स वर्कर स्त्रियांची वेश्या अन्याय मुक्ती परिषद आणि पुरुष व ट्रान्स सेक्स वर्करांची मुस्कान ही संघटना, हे सारे एकमेकांत गुंतलेले काम. अमेरिकी मदतीबरोबर तेव्हा एक प्रतिज्ञा यायची, वेश्याव्यवसायाला विरोध असल्याचे लिहून द्यायची. ज्यांच्यासाठी काम त्यांच्याविरुद्धच सही करायची, हे संग्रामला पटले नाही, आणि 2005 मध्ये त्यांनी तो पैसा परत केला. हे धैर्य आले कुठून? निर्णय घेणारे आणि परिणाम भोगणारे एकच होते, म्हणून. समुदायाच्या हातात कारभार असला की पैसा देणाऱ्याला 'नाही' म्हणता येते. कारभार वरच्या कुणाच्या हातात असला की तो नोकरी वाचवायला सही करतो.

बाहेरच्या पैशाचा दुसरा धोका तुम्ही म्हणता त्याहून मोठा आहे, भाऊ. तो रातोरात थांबतो. जानेवारी 2025 मध्ये अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांनी परदेशी मदत गोठवली आणि ट्रान्स व्यक्तींसाठी चालणारे 'मित्र' दवाखाने हैदराबादमध्ये, तसेच आपल्याकडे कल्याण आणि पुण्यात, बंद पडले. तिथे येणाऱ्या माणसांचा काही दोष नव्हता. त्यातच आपल्या सरकारने सप्टेंबर 2020 मध्ये परकीय देणगीचा कायदा कडक केला. आधी नोंदणी असलेली मोठी संस्था परदेशी निधीतला वाटा नोंदणी असलेल्या छोट्या संस्थेला देऊ शकत असे. ते पूर्ण बंद झाले. कार्यालयीन खर्चाची मर्यादा निम्म्यावरून वीस टक्क्यांवर आली. पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या एकाच शाखेत उतरला पाहिजे, असे ठरले. नवी नोंदणी हवी असेल तर संस्था तीन वर्षे जुनी हवी आणि त्या काळात तिने मुख्य कामावर किमान 15 लाख रुपये खर्च केलेले हवेत. 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. या अटी दारव्हा तालुक्यातल्या पाच-सहा जणांच्या गटाला लावून पाहा. मुंबईत किंवा नागपुरात पैसा आला तरी तो त्यांच्यापर्यंत उतरण्याची वाटच कायद्याने बंद आहे. तेव्हा परकीय पैशावर विसंबू नये हे तुमचे म्हणणे मला मान्य. मग आपला पैसा द्यायला हवा, हेही त्याच म्हणण्याच्या पोटात येते.

आता भाऊ आपल्या अनुभवाचा आक्षेप काढतात, आणि तो सगळ्यांत धारदार आहे. "मी संस्था पाहिल्या आहेत ताई. नोंदणी झाली की बोर्ड लागतो, बोर्डामागं एका घराचा कारभार चालतो. यांच्यातही गुरू-चेले आहेत, डेऱ्याचा मालक आहे; पैसा वरचाच खाईल. आणि पैसा आला की चळवळ मरते, हेही मी पाहिलं."

पैसा आला की चळवळ मंदावते हे काही प्रमाणात खरे आहे, आणि त्याची जाण याच चळवळीतल्या माणसांना आहे. मुंबईत 1995 मध्ये 'स्त्री संगम' या नावाने सुरू झालेला आणि पुढे 'लेबिया' म्हणून ओळखला गेलेला स्त्रियांचा व ट्रान्स व्यक्तींचा गट अनुदान न घेता, सदस्यांच्या खिशातून आणि वेळातून उभा राहिला. त्या मार्गाबद्दल मला आदर आहे. पण हा मार्ग ज्यांच्या हाती पगार आणि डोक्यावर छप्पर आहे त्यांना परवडतो. मंगतीवर किंवा मजुरीवर जगणाऱ्याला यवतमाळच्या जिल्हाधिकारी कार्यालयात चार खेपा घालायच्या तर तेवढ्या दिवसांची कमाई बुडते. त्याने बिनपैशाची चळवळ करावी ही अपेक्षा म्हणजे त्याने चळवळच करू नये असे सांगणे.

राहिला प्रश्न अपहाराचा. तो होतो, पतसंस्थांत होतो, सोसायटीत होतो, शिक्षणसंस्थांत होतो. म्हणून आपण सहकार बंद केला नाही. उलट महिला बचतगटांच्या बाबतीत महाराष्ट्राने याहून धाडसी निर्णय घेतला. 1975 मध्ये महिला आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले, 2011 पासून 'उमेद' आले, आणि ज्या बाईच्या नावावर घरात तांब्याही नव्हता तिच्या हातात फिरता निधी दिला गेला. ती पैसे बुडवेल, नवरा काढून घेईल, अध्यक्षबाई एकटी खाईल, हे सगळे तेव्हाही बोलले गेले. उपाय म्हणून पैसा ग्रामसेवकाकडे ठेवला गेला नाही. दर बैठकीला वही सगळ्यांसमोर उघडायची, ठराव लिहायचा, खात्यावर दोघींच्या सह्या घ्यायच्या, हा उपाय होता. सर्वांत कडक लेखापरीक्षक शेजारी बसलेली सदस्य असते, हे या राज्याच्या प्रत्येक गावाने पाहिले आहे. केरळात कुटुंबश्रीने ट्रान्स व्यक्तींचेही असे गट बांधले, आणि 2017 मध्ये कोची मेट्रोने त्याच यंत्रणेमार्फत ट्रान्स कर्मचारी घेतले. गुरू-चेल्यांच्या उतरंडीचे म्हणाल तर तुमची शंका रास्त आहे, आणि मी तीत भर घालते. शहरी, इंग्रजी बोलणारे, वरच्या जातीचे पुरुष या संस्थांच्या खुर्च्यांवर जास्त दिसतात, आणि 'समुदाय' या एका शब्दाखाली दलित ट्रान्स बाई नि गावातली समलिंगी मुलगी दोघी झाकल्या जातात. नाव समुदायाचे आहे म्हणून कारभार आपोआप समुदायाचा होत नाही. यासाठी अट घालायची तर इथे घालावी: कार्यकारिणीत कोण आहे, खात्यावर सही कुणाची आहे, सदस्यांसमोर हिशेब कधी वाचला जातो. निरोध किती वाटले याची अट त्यानंतर. केनियातल्या नैरोबीत 2009 पासून चालणारा 'उहाय' हा निधी अनुदानाचे अर्ज चळवळीतल्या माणसांच्याच समितीपुढे ठेवतो. कोण काम करते आणि कोण फक्त बोर्ड लावते, हे त्या समितीइतके दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार?

भाऊंचा शेवटचा प्रश्न आक्षेपापेक्षा चिंतेचा आहे. "प्रत्येकाची वेगळी संस्था, वेगळा निधी. गाव आधीच जातीपातीत वाटलेलं आहे. आणखी एक भिंत कशाला?"

कोल्हापुरात 1901 पासून शाहू महाराजांनी बोर्डिंगे काढायला सुरुवात केली. आधी मराठा आणि जैन विद्यार्थ्यांसाठी, मग मुस्लिम, लिंगायत, 1908 मध्ये अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी, आणि पुढे आणखी कितीतरी समाजांसाठी. दरबाराने जागा दिल्या, उत्पन्ने लावून दिली, आणि बोर्डिंग चालवण्याचे काम त्या त्या समाजाच्या मंडळींवर सोपवले. सर्वांसाठी एकच वसतिगृह काढावे, असे तेव्हाही सुचवता आले असते. पण एकत्र पंगतीत ज्याला जागाच नाही त्याला 'सर्वांसाठी' या शब्दाचा उपयोग नसतो. त्या वेगळ्या बोर्डिंगांतून शिकलेली मुले पुढे सर्वांच्या कचेऱ्यांत, न्यायालयांत आणि विधिमंडळात जाऊन बसली. स्वतःचा कारभार स्वतः चालवायला शिकलेला समाजच पुढे इतरांबरोबर बरोबरीने बसतो. ज्याला तो कारभार कधी करू दिला नाही तो कायम कुणाच्या तरी दयेवर राहतो, आणि दयेवर राहणाऱ्याशी गावाचे नाते भीतीचे नाहीतर तिरस्काराचे असते. बाजारातली टाळी आणि दुकानदाराने न बघता पुढे केलेले दहा रुपये, हे त्याच नात्याचे रूप आहे.

भाऊंना सगळे पटले असा दावा मी करत नाही. शेतकऱ्याचा प्रश्न ते मनातून काढणार नाहीत, आणि काढूही नये. पण अनुदान कुणाच्या सहीने खर्च व्हावे यावर त्यांचे माझे भांडण उरलेले नाही, कारण सोसायटीत त्यांनी आयुष्यभर हेच सांभाळले. यवतमाळच्या जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण योजनांसाठी रक्कम ठेवलेली असते. पालकमंत्री जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष असतात, आणि आमदार, खासदार, जिल्हा परिषदेचे व नगरपालिकेचे प्रतिनिधी तिथे बसतात. त्यांच्यापैकी एकाने पुढच्या आराखड्यात एवढीच तरतूद मांडावी: जिल्ह्यातल्या समलिंगी, उभयलिंगी, ट्रान्सजेंडर आणि इंटरसेक्स व्यक्तींनी स्वतः चालवलेल्या नोंदणीकृत संस्थेला, किंवा नोंदणी नसलेल्या गटाला, पाच वर्षांसाठी छोटे अनुदान, अर्ज मराठीत, दोन पानांचा, भाडे, मानधन आणि प्रवासखर्च त्यात धरलेला, निवड समितीत निम्म्याहून अधिक सदस्य त्याच समुदायाचे, आणि वर्षातून एकदा हिशेब सदस्यांसमोर वाचलेला. बोरी अरबच्या, दारव्ह्याच्या, जिल्ह्यातल्या कुठल्याही गावच्या वाचकाने आपल्या प्रतिनिधीला त्या बैठकीआधी एक पत्र लिहावे आणि ही मागणी त्यात घालावी.